सातबारा मारुंजीचा, हप्ता कुणाचा?

मारुंजीत आज भाताच्या खाचराला लागून गृहप्रकल्पाची भिंत दिसते. हिंजवडीच्या आयटी पार्कने मुळशी तालुक्यातल्या या गावाच्या जमिनीचे भाव बदलले, घराघरांतले उत्पन्नही बदलले. त्यामुळे शेतकरी सन्मान निधीबद्दलचे गैरसमज इथे जास्त आहेत. केंद्राच्या पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये आणि २०२३ पासून राज्याच्या ‘नमो शेतकरी’चे तेवढेच, असे १२,००० रुपये पात्र कुटुंबाला मिळतात. हक्काचा पैसा चुकू नये आणि हक्क नसलेला घेतला जाऊ नये, म्हणून नियम नीट समजून घ्यायला हवेत.

गैरसमज : क्षेत्र जास्त, तर पैसे जास्त.
वस्तुस्थिती : रक्कम क्षेत्रावर ठरत नाही. सुरुवातीला २ हेक्टरची मर्यादा होती, ती २०१९ मध्येच उठली. लागवडीलायक जमीन काही गुंठे असो वा दहा एकर, हप्ता २,००० रुपयांचाच. सामाईक सातबाऱ्यावर भावांची नावे असतील, तर प्रत्येकाचे कुटुंब स्वतंत्र धरले जाते.

गैरसमज : मुलगा आयटीत नोकरीला आहे, म्हणजे वडिलांचा हप्ता बंद.
वस्तुस्थिती : योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुले. सज्ञान मुलाच्या पगाराचा वडिलांच्या पात्रतेशी संबंध नाही. मात्र पती-पत्नीपैकी कुणीही मागील वर्षी प्राप्तिकर भरला असेल, तर ते कुटुंब अपात्र ठरते.

गैरसमज : शेतजमीन विकली तर कर लागत नाही.
वस्तुस्थिती : दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकेच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आतली शेतजमीन करासाठी भांडवली मालमत्ता मानली जाते. पिंपरी-चिंचवडला खेटलेली मारुंजी या टप्प्यात येते. विक्रीच्या नफ्यावर कर भरला, की त्यानंतर सन्मान निधीची पात्रताही जाऊ शकते. दुसरी शेतजमीन घेतल्यास करात सवलतीची तरतूद आहे. व्यवहाराआधीच सनदी लेखापालाला विचारावे.

गैरसमज : गाव महापालिकेत गेले की योजना संपते.
वस्तुस्थिती : शहरी हद्दीतली जमीनही चालते, फक्त ती कसण्याजोगी हवी. एनए होऊन तिथे इमारत किंवा गोदाम आले, तर त्या जमिनीवर लाभ मिळत नाही.

गैरसमज : आता चार गुंठे घेतले की हप्ता सुरू.
वस्तुस्थिती : १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन नावावर असणे ही अट आहे. त्यानंतरच्या खरेदीवर लाभ नाही. वारसाहक्काने आलेल्या जमिनीला मात्र ही अट आड येत नाही. म्हणून वडिलांच्या पश्चात वारसनोंद ताबडतोब करून घ्यावी.

गैरसमज : ‘नमो’साठी वेगळा अर्ज लागतो.
वस्तुस्थिती : पीएम-किसानचे पात्र लाभार्थीच त्यात आपोआप येतात. हप्ता अडकला असेल, तर ई-केवायसी, आधारशी जोडलेले बँक खाते आणि जमिनीची नोंद या तीन गोष्टी आधी तपासाव्यात.

अपात्र असूनही रक्कम घेतली असेल, तर ती परत करावी लागते. सरकार ती वसूल करते, त्यामुळे स्वतःहून परत करणेच योग्य.

सगळ्यात मोठा गैरसमज मात्र हा, की जो कसतो त्याला हे पैसे मिळतात. निधी सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. वाट्याने किंवा खंडाने शेती करणाऱ्याला काहीच मिळत नाही. जिथे मालक बिल्डरची वाट पाहतो आणि भात दुसराच लावतो, तिथे ही उणीव फार बोचते. कसणाऱ्याची स्वतंत्र नोंद करून त्यालाही या आधारात वाटा द्यायला हवा. ही मागणी ग्रामसभेने ठरावाने पुढे न्यावी.