बोट परदेशी, प्रवासी बारा!

एका बोटीसाठी संसदेनं कायदा करायचा, हे ऐकायला अतिशयोक्ती वाटेल. पण अमेरिकेत १९९८ पर्यंत तसंच चालायचं. कुणी फ्रान्समध्ये बांधलेली शिडाची बोट घेतली आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पैसे घेऊन पर्यटक फिरवायचं ठरवलं, की त्याला थेट खासदाराकडे धाव घ्यावी लागे. मग तटरक्षक दलाच्या एखाद्या विधेयकात त्या बोटीचं नाव घालून सवलतीचं कलम यायचं. जुनी विधेयकं चाळली की ओळीनं बोटींची नावं सापडतात. खासदारापर्यंत हात न पोचणाऱ्यानं काय करायचं, याला उत्तर नव्हतं.

या सगळ्याचं मूळ १८८६ च्या कायद्यात. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी न्यायचे, तर जहाज अमेरिकेतच बांधलेलं हवं आणि मालकही अमेरिकी हवा. दंड सुरुवातीला माणशी २ डॉलर होता, १८९८ मध्ये २०० झाला आणि आज ९०० डॉलरच्या वर गेला आहे. आपल्याकडे भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट ग्रीसमध्ये बांधलेली आहे, याचं कुणाला काही वाटत नाही. अमेरिकेत मात्र तिला धक्का सोडता आला नसता.

१९९८ मध्ये संसदेनं छोट्या बोटींचा निर्णय परिवहन खात्याच्या सागरी प्रशासनाकडे, म्हणजे ‘मॅराड’कडे सोपवला. अटी मोजक्या: बोट किमान ३ वर्षं जुनी हवी, पैसे देणारे प्रवासी १२ पेक्षा जास्त नकोत, मालवाहतूक नको. सूट फक्त बांधणीपुरती. मालकीची अट कायम.

अशा अर्जांची कागदपत्रं जुळवायचं काम मी करते. अर्ज हातात आला की आधी बोटीच्या मागच्या बाजूला जाते. तिथे उजव्या कोपऱ्यात, पाण्याच्या वर, सांगाड्याचा क्रमांक कोरलेला असतो. रंगाचे थर चढलेले असले, तर टॉर्च तिरपा धरून बोटानं चाचपत अक्षरं लावावी लागतात. पहिली दोन अक्षरं ‘एफआर’ निघाली, की बोट फ्रान्सची. जुन्या बोटींची तर जन्मकुंडलीच हरवलेली असते. अमेरिकेत बांधल्याचा पुरावा मिळाला नाही, तरी हाच अर्ज करावा लागतो.

पुढचा टप्पा खुल्या मैदानातला. बोटीचं नाव, लांबी, धंदा, कुठल्या राज्यांच्या पाण्यात फिरणार, मुक्काम कुठल्या बंदरात, हे सगळं सरकारी राजपत्रात छापून येतं. हरकतींसाठी ३० दिवस. कसोटी एकच: या परवानगीनं अमेरिकी बोटबांधणी कारखान्यांचं किंवा अमेरिकी बोटीवर आधीच पोट भरणाऱ्यांचं अवाजवी नुकसान होईल का?

अर्जदार हौसेनं किनाऱ्यावरची सगळी राज्यं लिहून आणतात. मी त्यांना थांबवते. जिथे खरोखर फिरायचंय तेवढंच लिहा. प्रदेश वाढला की हरकतीही वाढतात. एका कप्तानाचं हरकतीचं पत्र माझ्या लक्षात कायमचं राहिलंय. तीच खाडी, तीच सूर्यास्ताची फेरी, आणि त्यानं अमेरिकी बोटीसाठी मोजलेली जास्तीची किंमत, हे सगळं त्यानं हिशेबासकट मांडलं होतं. ते वाचून मला अर्जदाराइतकीच त्याचीही बाजू पटली. दोघांचं म्हणणं एकाच टेबलावर, एकाच कसोटीवर वाचलं जातं, हे या पद्धतीचं खरं मोल.

मोठ्या जहाजांना ही वाट नाही. ‘प्राइड ऑफ अमेरिका’ या प्रवासी जहाजाचंच पाहा. मिसिसिपीतल्या पास्कागूलात काम सुरू झालं, २००१ मध्ये ते बांधून घेणारी कंपनी बुडाली आणि अर्धवट सांगाडा ओढत जर्मनीला नेला गेला. परदेशात पूर्ण होणाऱ्या या जहाजाला देशांतर्गत प्रवासी नेता यावेत, म्हणून २००३ मध्ये संसदेनं खास सवलत दिली. जानेवारी २००४ च्या वादळात ते ब्रेमरहाफनच्या धक्क्यालाच पाण्यात बसलं. हवाईत फेऱ्या सुरू व्हायला २००५ उजाडलं. दुसरं उदाहरण २०२१ चं. कोविडमुळे कॅनडानं बंदरं बंद ठेवली. सिएटलहून अलास्काला जाणाऱ्या परदेशी जहाजांना मध्ये कॅनडाचं बंदर गाठणं याच १८८६ च्या कायद्यामुळे भाग होतं, त्यामुळे अख्खा हंगाम अडकला. तेव्हाही संसदेलाच तात्पुरता कायदा करावा लागला.

अमेरिकी कारखान्यातून मोठी प्रवासी जहाजं शेवटची बाहेर पडली १९५८ मध्ये. कारागीर जगावेत हा हेतू मला मनापासून मान्य आहे. पण जे जहाज देशात बांधलंच जात नाही, त्याला अडवून कुठल्या कारागिराच्या हाताला काम मिळतं? मोठ्या जहाजांनाही छोट्या बोटींसारखीच उघड छाननी लागू करावी: जाहीर अर्ज, ठरलेली मुदत, पुराव्यासह हरकत आणि लेखी निर्णय. कारखान्याचं खरोखर नुकसान होत असेल, तर ते तिथे सिद्ध होईल. होत नसेल, तर जहाजाला वाट मिळेल.