बेटाचा सातबारा कोणाच्या नावावर?

दोन देशांमध्ये एखाद्या बेटावरून किंवा सीमेवरच्या ओसाड डोंगरावरून भांडण पेटले की वर्तमानपत्रांत नकाशे छापून येतात. जुने तह, जुन्या सनदा बाहेर निघतात. कोणत्या राजाने कोणत्या साली कोणाला काय लिहून दिले, याचे पुरावे पुढे केले जातात. निवृत्त सेनाधिकारी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर बाण काढून दाखवितात. बेट कोणत्या देशाचे, यावर तावातावाने चर्चा झडते. मात्र त्या बेटावर राहतो कोण, त्याचे घर, त्याची विहीर, त्याच्या आईबापाच्या कबरी कोठे आहेत, हा प्रश्न कोणीही विचारीत नाही.

आमच्या गावाकडे जमिनीचा वाद उभा राहिला की पहिला कागद मागितला जातो तो सातबाऱ्याचा. मालक कोण आणि प्रत्यक्ष कसतो कोण, हे दोन्ही प्रश्न तेथे विचारले जातात. देशादेशांच्या भांडणात फक्त मालकाचे नाव पाहिले जाते. राबणाऱ्याची, राहणाऱ्याची नोंद कोठेच नसते. काही वेळा तर ती नोंद जाणीवपूर्वक पुसली जाते. ती कशी पुसली जाते, याचे कायद्याच्या कागदपत्रांनिशी सिद्ध झालेले उदाहरण म्हणजे हिंदी महासागरातील चागोस बेटे. या प्रकरणाकडे आमच्या वाचकांनी मुद्दाम लक्ष द्यावे, असे आम्हांस वाटते.

मालदीवच्या दक्षिणेस सुमारे ५०० किलोमीटरवर साठएक लहान बेटांचा हा समूह आहे. त्यातले सर्वांत मोठे बेट म्हणजे दिएगो गार्सिया. मॉरिशस तेथून दोन हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच मळेवाल्यांनी मोझांबिक आणि मादागास्करमधून गुलाम आणून येथे नारळाच्या बागा उभ्या केल्या. १८१४ च्या पॅरिसच्या तहाने मॉरिशसबरोबर ही बेटेही इंग्रजांच्या ताब्यात गेली. १८३५ मध्ये तेथील गुलामगिरी कायद्याने संपली आणि पुढे हिंदुस्थानातूनही मजूर नेले गेले. या सगळ्यांच्या मिळून पाचसहा पिढ्या त्या बेटांवर जन्मल्या, राबल्या आणि तिथल्याच मातीत गेल्या. त्यांची स्वतःची क्रिओल बोली होती, चर्च होते, स्मशाने होती. ज्यांना साखळदंडाने बांधून आणले त्यांनी त्या वाळूला आपला गाव केले होते.

१४ डिसेंबर १९६० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १५१४ क्रमांकाचा ठराव केला. वसाहतींना स्वातंत्र्य द्यावे आणि देताना त्यांचे तुकडे करू नयेत, हा त्याचा गाभा. नेमके त्याच सुमारास अमेरिकेला हिंदी महासागरात लष्करी तळ हवा होता. मॉरिशसच्या स्वातंत्र्याची बोलणी १९६५ मध्ये लंडनमध्ये सुरू होती. बेटे सोडा, म्हणजे स्वातंत्र्याचा मार्ग मोकळा होईल, अशी गाठ घातली गेली आणि तीस लाख पौंड देऊन चागोस वेगळे काढण्यात आले. ८ नोव्हेंबर १९६५ रोजी 'ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश' नावाची नवी वसाहत जन्माला आली. जग वसाहती मोडीत काढीत होते, तेव्हा ब्रिटन नवी वसाहत तयार करीत होते! पुढच्याच महिन्यात आमसभेने ठराव करून या तुकडेबाजीला विरोध केला, पण तो ठराव कागदावरच राहिला. ३० डिसेंबर १९६६ रोजी अमेरिकेशी करार होऊन बेटे पन्नास वर्षांसाठी संरक्षणाच्या कामी देण्यात आली. मोबदला म्हणून पोलारिस क्षेपणास्त्रांच्या खरेदीत ब्रिटनला एक कोटी चाळीस लाख डॉलरची सूट मिळाली. हा व्यवहार दोन्ही देशांच्या लोकप्रतिनिधींपासून लपवून ठेवला होता. लोकशाहीच्या माहेरघरांची ही लोकशाही!

आता मुख्य अडचण होती ती माणसांची. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे ७३ वे कलम सांगते की, परतंत्र प्रदेशातील रहिवाशांचे हित हा राज्यकर्त्यावर सोपविलेला पवित्र विश्वास आहे, आणि त्याचा हिशेब संयुक्त राष्ट्रांना द्यावा लागतो. कायम रहिवासी आहेत असे कबूल केले तर हिशेब आला. म्हणून मार्ग असा काढला की, येथे कायमची वस्ती नाहीच, जे आहेत ते कंत्राटावर आलेले हंगामी मजूर आहेत, असे लिहावयाचे. १९६६ च्या ऑगस्टमधील ब्रिटिश परराष्ट्र खात्याची टिपणे पुढे न्यायालयात उघड झाली. खात्याचा सर्वोच्च अधिकारी लिहितो की, आपल्याला काही खडक हवे आहेत, आणि तेथे समुद्रपक्ष्यांखेरीज मूळ रहिवासी असणार नाहीत, पक्ष्यांची अजून समिती निघालेली नाही. त्यावर दुसरा अधिकारी शेरा मारतो की, दुर्दैवाने पक्ष्यांबरोबर काही टारझन आणि फ्रायडे आहेत, त्यांच्या उत्पत्तीचा पत्ता नाही.

वाचकहो, हा शेरा पुन्हा वाचा. ज्यांच्या पूर्वजांना यांनीच जहाजात कोंबून आणले, त्यांच्या उत्पत्तीचा पत्ता नाही म्हणे! माणसाला आधी गावाबाहेर काढायचे आणि मग तो गावातला नाही असे म्हणावयाचे, ही युक्ती आम्ही फार जवळून ओळखतो. चागोसमध्ये ती इंग्रजी भाषेत, सरकारी कागदावर वापरली गेली, एवढाच फरक.

१९६७ ते १९७३ या काळात सुमारे दीड ते दोन हजार माणसांना बेटांवरून हटविण्यात आले. सुरुवातीला कोणालाही धक्के मारले नाहीत. जे औषधोपचारासाठी किंवा नातलगांकडे मॉरिशसला गेले, त्यांना परतीचे जहाज मिळेनासे झाले. १९६८ मध्ये रिटा बांकू नावाची आई गाडीखाली पाय सापडलेल्या मुलीला घेऊन मॉरिशसला गेली. मुलगी वाचली नाही. परत निघाली तेव्हा कळले की तुमचे बेट विकले गेले आहे, आता जाता येणार नाही. तिचा मुलगा ऑलिव्हिए तेव्हा चार वर्षांचा होता. त्याचे नाव पुढे येणार आहे. मागे राहिलेल्यांचा धान्यपुरवठा आटवला गेला. १९७१ मध्ये, परवान्याशिवाय बेटावर पाऊल ठेवणे गुन्हा ठरविणारा वटहुकूम निघाला. बेटावरची पाळीव कुत्री खोबरे वाळविण्याच्या शेडमध्ये कोंडून गाड्यांच्या धुराने मारण्यात आली. लहान मुलांनी ते पाहिले. मग नॉर्डव्हेर जहाजावर एकेक पेटी घेऊन माणसे चढविली गेली. १९७३ च्या शेवटच्या तुकडीने पोर्ट लुईच्या बंदरात जहाजातून उतरण्यास नकार दिला. हा त्या लोकांचा पहिला सत्याग्रह म्हणावा लागेल.

मॉरिशसमध्ये त्यांच्या वाट्याला झोपडपट्टी, बेकारी आणि हेटाळणी आली. 'इलुआ' म्हणजे बेटवाले, हा शब्द तेथे शिवीसारखा वापरला गेला. मॉरिशसमध्ये आज बहुसंख्य लोक भारतीय वंशाचे आहेत. त्यांत मळ्यांवर राबण्यासाठी गेलेल्या मराठी भाषकांचे वंशजही आहेत. ज्यांचे पूर्वज स्वतः ऊस तोडण्यासाठी नेले गेले, त्या समाजातही या काळ्या निर्वासितांना खालचा दर्जा मिळाला. ही गोष्ट आम्ही झाकून ठेवणार नाही. गुलामाने गुलामाला ओळखले नाही तर धन्याचे काम सोपे होते.

आता १९८२ सालाकडे पाहा. त्या वर्षी अर्जेंटिनाने फॉकलंड बेटे ताब्यात घेतली. तेथे सुमारे अठराशे रहिवासी होते, बहुतेक सगळे गोरे, ब्रिटिश वंशाचे. त्यांचा स्वयंनिर्णयाचा हक्क राखण्यासाठी ब्रिटनने बारा हजार किलोमीटरवर आरमार धाडले आणि आपले २५५ सैनिक गमावले. फॉकलंडच्या लोकांना तो हक्क नव्हता असे आमचे म्हणणे नाही. तो होताच. आमचा प्रश्न इतकाच आहे की, संख्येने तितक्याच असलेल्या चागोसच्या लोकांना तो का नव्हता? तत्त्व एकच, राज्य एकच, दशकही जवळपास तेच. फरक होता तो कातडीच्या रंगाचा.

त्याच १९८२ मध्ये चागोसच्या लोकांसाठी चाळीस लाख पौंडांची तडजोड झाली. पोर्ट लुईच्या रस्त्यावर उपोषणे करून, पोलिसांच्या लाठ्या खाऊन बायकांनी ती मिळविली होती. पण पैसे घेताना एका कागदावर सही मागण्यात आली. कागद कायद्याच्या इंग्रजीत. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी अंगठे उठविले. परतण्याचा हक्क आपण सोडला, असा त्याचा अर्थ आहे हे अनेकांना नंतर कळले.

वकिलीच्या व्यवसायात असे कागद आमच्या हातात नेहमी येतात. आपल्याकडे त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. खाली ओळ असते, 'वाचून दाखविले, समजले व मान्य केले'. एकदा एका म्हातारीला आम्ही विचारले, "आजी, यात काय लिहिले होते?" ती म्हणाली, "रेशन कार्डाचं हाय म्हणले." तिच्या दोन एकरांवर आज दुसऱ्याचे नाव आहे. एकलव्याचा अंगठा कापून घेतला गेला. आता अंगठा कापावा लागत नाही, शाईत बुडविला की भागते.

पण चागोसच्या लोकांनी मान टाकली नाही. ऑलिव्हिए बांकू विजेची कामे करणारा कारागीर. त्याने ब्रिटनच्या न्यायालयात दावा लावला आणि ३ नोव्हेंबर २००० रोजी जिंकला. न्यायालयाने म्हटले की, एखाद्या प्रदेशाच्या सुव्यवस्थेसाठी कायदा करण्याचा अधिकार म्हणजे तेथील जनतेवर राज्य करण्याचा अधिकार, जनतेलाच हाकलण्याचा नव्हे. त्यावर सरकारने काय करावे? जून २००४ मध्ये संसदेला बाजूस ठेवून, राणीच्या विशेषाधिकारात आदेश काढून बंदी पुन्हा घातली. दोन न्यायालयांनी तो आदेश बेकायदा ठरविला. अखेर २००८ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्‌सने तीन विरुद्ध दोन मतांनी सरकारला वाचविले. एका मताने एक अख्खा समाज बेघर राहिला. १ एप्रिल २०१० रोजी तेथे सागरी अभयारण्यही जाहीर झाले. माशांना संरक्षण मिळाले, माणसांना प्रवेशबंदी!

मग लढा आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी हेगच्या न्यायालयाने तेरा विरुद्ध एक मताने सांगितले की, चागोस तोडणे बेकायदा होते आणि ब्रिटनने शक्य तितक्या लवकर तेथील कारभार संपवावा. बहुमतात भारताचे न्यायमूर्ती दलवीर भंडारीही होते. त्याच वर्षी २२ मे रोजी आमसभेने ११६ विरुद्ध ६ मतांनी हे मत उचलून धरले. भारताने मॉरिशसच्या बाजूने मत दिले. हे मत सल्लावजा असल्याने बंधनकारक नाही, असे ब्रिटन म्हणत राहिले. तरीही दडपण वाढत गेले आणि बरोबर सहा वर्षांनी, २२ मे २०२५ रोजी, ब्रिटन व मॉरिशस यांच्यात करारावर सह्या झाल्या. सार्वभौमत्व मॉरिशसचे, पण दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षे ब्रिटनकडे, अर्थात अमेरिकेसाठी. बदल्यात मॉरिशसला वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड. चागोसच्या लोकांसाठी ४ कोटी पौंडांचा निधी. दिएगो गार्सिया वगळून इतर बेटांवर वस्ती करण्याची मोकळीक मॉरिशसला.

हा विजय आहे काय? वसाहतवाद चुकीचा होता हे लेखी मान्य झाले, या अर्थाने आहे. बांकू आणि त्यांच्या संघटनेने त्याचे स्वागत केले. परंतु सही होण्याच्या दिवशीच पहाटे, दिएगो गार्सियात जन्मलेल्या दोन स्त्रियांच्या अर्जावर लंडनच्या न्यायालयाने तात्पुरती मनाई दिली होती. काही तासांत ती उठली. त्यांचे म्हणणे साधे होते: आम्हांला कोणी विचारले? १९६५ मध्ये लंडनने विचारले नाही. २०२५ मध्ये लंडन आणि पोर्ट लुई टेबलाच्या दोन बाजूंना बसले, त्या टेबलाला तिसरी खुर्चीच नव्हती. ज्या बेटावर बहुतेकांची घरे होती, ते बेट तर आणखी ९९ वर्षे बंद. आज हयात असलेल्या एकाही मूळ रहिवाशाला ती मुदत संपलेली दिसणार नाही.

येथे १९३१ सालची एक घटना आठवल्यावाचून राहत नाही. मुंबईच्या मणिभवनात बाबासाहेबांनी गांधीजींना तोंडावर सांगितले होते की, मला मायभूमी नाही. ज्या भूमीवर माणसासारखे जगता येत नाही, पाणी पिता येत नाही, तिला आपली कशी म्हणावे, हा त्यांचा सवाल होता. तो सवाल एका देशापुरता नाही. देश म्हणजे नकाशावरचा रंग की त्या रंगाखाली जगणारा माणूस, याचे उत्तर त्यातून मिळते.

म्हणून यापुढे कोणत्याही बेटावरून, कोणत्याही सीमेवरून हाकाटी सुरू झाली की आमच्या वाचकांनी तीन प्रश्न विचारावेत. तेथे कोण राहते? त्यांना कोणी विचारले? आणि त्यांच्या नावाने अंगठा कोणी उठवून घेतला? झेंडा कोणता फडकतो हा चौथा प्रश्न आहे, पहिला नव्हे. फेब्रुवारी २०२२ मध्ये चागोसचे काही लोक मॉरिशसच्या जहाजातून, ब्रिटिश पहाऱ्याशिवाय, पहिल्यांदा आपल्या बेटावर उतरले. झेंडा रोवणे सरकारी माणसांसाठी महत्त्वाचे होते. बेटवाल्यांनी मात्र माजलेले रान तोडून पडके चर्च आणि पूर्वजांच्या कबरी साफ केल्या. बेटाचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, हे त्या कबरींना ठाऊक आहे.