दिवे सगळे लागलेत, मग प्रिंट का येत नाही?

आजचा एपिसोड एका छोट्या डब्याबद्दल: प्रिंट सर्व्हर.

गावी माझ्या काकांचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. तीन कॉम्प्युटर, एक जुना लेझर प्रिंटर. दिवाळीला गेलो तेव्हा मीच त्यांना हा डबा बसवून दिला. मग एका सकाळी काकांचा फोन. कॉलेजच्या फॉर्मची शेवटची तारीख, दारात पोरांची रांग. "अरे, तुझ्या डब्याचे सगळे दिवे लागलेत, पण एक कागद बाहेर येईना!"

म्हटलं, "काका, व्हिडिओ कॉल करा. दिवे दाखवा."

आता आधी डबा समजून घेऊ. जुन्या प्रिंटरला फक्त यूएसबी असतं, आणि साधी यूएसबी २.० केबल ५ मीटरच्या पुढे भरवशाची नाही. लॅन केबल मात्र १०० मीटरपर्यंत चालते. डबा या दोघांच्या मध्ये बसतो. एका बाजूला राउटरची लॅन केबल, दुसऱ्या बाजूला प्रिंटरची यूएसबी. शिवाय पॉवरची पिन आणि आत दडलेलं रीसेटचं बटण. अडॅप्टर डब्यासोबतचाच लावा. पिन बसली म्हणजे व्होल्टेज जुळलं असं नाही हं!

आता दिवे. कंपनीप्रमाणे रंग बदलतात, पण साधारण तीन असतात.

पॉवर: डब्याला करंट मिळतोय, एवढंच.

लिंक: केबलच्या दुसऱ्या टोकाला राउटर किंवा स्विच जिवंत आहे. लुकलुकला की डेटा ये-जा करतोय. बंद असेल तर केबल काढून पुन्हा लावा, पोर्ट बदलून बघा.

यूएसबी: डब्याने प्रिंटर ओळखलाय. बंद असेल तर प्रिंटर चालू आहे का, ते बघा.

काकांकडे तिन्ही दिवे लागलेले. मोठी फाइल पाठवायला सांगितली, तरी लिंकचा दिवा जोरात लुकलुकला नाही. म्हणजे डेटा डब्यापर्यंत पोचतच नव्हता. केबल ठीक, प्रिंटर ठीक. मग उरलं काय? पत्ता!

नेटवर्कवर प्रत्येक उपकरणाला आयपी अ‍ॅड्रेस असतो आणि तो सहसा राउटर वाटतो. मी विचारलं, "काका, सकाळी लाइट गेली होती का?" गेली होती. राउटर पुन्हा सुरू झाला आणि त्याने डब्याला नवा पत्ता दिला. कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर प्रिंट पाठवत बसले. पोस्टमन रोज जुन्या घराची कडी वाजवतोय, तसं. आणि हे सांगणारा दिवा त्या डब्यावर नव्हताच.

चूक माझी. बसवतानाच पत्ता पक्का करायला हवा होता. काकांना डब्याखालच्या स्टिकरवरचा मॅक अ‍ॅड्रेस वाचायला लावला, राउटरच्या सेटिंगमध्ये त्याच्या नावावर जुना पत्ता राखून ठेवला, डबा बंद-चालू केला. अडकलेले प्रिंट धडाधड बाहेर! रांगेतल्या पोरांचा आवाज मला फोनवर ऐकू आला.

तर मंडळी, दिवा फक्त आपल्यापुरतं खरं बोलतो. आधी पॉवर, मग लिंक, मग यूएसबी बघा. तिन्ही ठीक असतील तर पत्ता तपासा. आणि डबा बसवला त्याच दिवशी तो पत्ता राखून ठेवा. शेवटच्या तारखेची वाट बघू नका.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!