वेंधळा, तापट की आजारी?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सोमवारचा दुपारचा दवाखाना आटोपत आला असताना एक कुटुंब आत आले. आजी, त्यांचा चौतीस वर्षांचा मुलगा, सून आणि आठ वर्षांचा नातू. तक्रार नातवाची होती. बाईंनी वहीवर शेरा लिहून पाठवला होता : ‘वर्गात बसत नाही, दुसऱ्यांना बसू देत नाही. बुद्धी आहे, लक्ष नाही.’ मी शेरा वाचेपर्यंत चिरंजीव वजनकाट्यावर चारदा चढून उतरले, माझा स्टेथोस्कोप कानाला लावून झाला आणि ‘डॉक्टर, तुमचा पंखा वाजतो,’ हेही सांगून झाले. पंखा खरोखरच वाजत होता. मला त्याची सवय झाली होती इतकेच.

सून म्हणाली, “याचं एकट्याचं नाही हो डॉक्टर. याचे पप्पा पण असेच आहेत.”

पप्पांनी मान खाली घातली. आजी मात्र बोलल्या, आणि जे बोलल्या ते मला अजून टोचते. “हा एवढा असताना तुमच्याकडंच आणला होता. तुम्ही म्हणाला होता, मावशी, पोरगं वांड आहे, मोठं झालं की सुधरंल. टॉनिकची बाटली दिली होती तुम्ही.”

हे साधारण २००० सालचे असावे. मला आठवत नाही, पण मी तसे म्हटले असणारच. तेव्हा आम्ही सगळेच तसे म्हणत होतो. एमबीबीएसच्या साडेपाच वर्षांत मनोविकारशास्त्राच्या वाट्याला जेमतेम दोन आठवडे यायचे, आणि त्यात वेडाचे झटके व झोपेच्या गोळ्या यांपलीकडे आमचे फारसे लक्ष नसे. कुटुंबाच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, आज हा विषय वाचकांपुढे ठेवतो आहे.

चार दिवसांनी तो तरुण एकटाच आला. जिल्ह्यातल्या एका बाजार समितीत त्यांची कांद्याची अडत आहे. लिलावाच्या दिवशी हा माणूस वाघ असतो. पहाटेपासून उभा, शंभर वक्कलांचे भाव तोंडपाठ, कोणता व्यापारी कुठवर ताणणार याचा अंदाज सहसा चुकत नाही. आणि दुपारी शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या लिहायला बसला की दहा मिनिटांत उठतो. एका पट्टीत वजन चुकते, दुसरीत हमाली धरायची राहते, तिसरी खिशात तशीच घरी जाऊन कपड्यांबरोबर धुतली जाते. चाव्या, मोबाईल, बँकेचे हप्ते, बायकोने सांगितलेले दूध, सगळ्याचे तेच. वडील चारचौघांत म्हणतात, “एवढा घोडा झाला, पण जबाबदारी नावाची चीज नाही.”

“विसरतो त्याचं एवढं काही नाही डॉक्टर,” तो म्हणाला. “राग येतो ना, तो माझ्या हातात राहत नाही. मागल्या महिन्यात वडिलांच्या अंगावर खातेवही फेकली. गड्यांसमोर. दहा मिनिटांनी गोडाऊनमागं जाऊन रडलो. येड लागलंय का मला?”

वेड लागलेले नव्हते. पुढे तज्ज्ञांकडून तपासणी झाली आणि बाप-लेक दोघांनाही एकच विकार असल्याचे निष्पन्न झाले. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला ‘एडीएचडी’ म्हणतात. लक्ष टिकवून धरता न येणे, अतिचंचलता आणि विचार करण्याआधीच कृती घडून जाणे अशी त्याची तीन अंगे आहेत. एखाद्यात तिन्ही असतात, एखाद्यात पहिलेच ठळक असते.

मोबाईलमुळे निपजलेला हा नवा रोग आहे असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. जर्मनीतले डॉक्टर हाइनरिश हॉफमन यांनी १८४० च्या दशकात काढलेल्या मुलांच्या चित्रपुस्तकात जेवणाच्या टेबलाशी स्वस्थ न बसणारा, शेवटी टेबलक्लॉथसकट सगळे जेवण खाली ओढणारा एक फिलिप आहे. १९०२ साली लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्याने दिली. हल्लीचे नाव १९८७ सालचे. जगभरातले अभ्यास एकत्र पाहता शंभर मुलांत सुमारे पाच मुले अशी असतात, म्हणजे साठ मुलांच्या वर्गात तीन. आपल्या भाषेने तर त्यांची केव्हाच नोंद घेतली आहे : वांड, द्वाड, धांदरट, वेंधळा, विसरभोळा, शीघ्रकोपी. शब्द भरपूर आहेत, पण सगळे दोष देणारे. पोर मोठे होईपर्यंत हे शब्द रोज ऐकते आणि त्यांवर विश्वास ठेवू लागते.

आता मेंदूत काय होते ते सांगतो. कपाळामागचा मेंदूचा भाग हा आपला लगाम आहे. समोरचा मोह बाजूला ठेवणे, हातचे काम डोक्यात धरून ठेवणे, तोंडात आलेला शब्द गिळणे ही त्याची कामे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मुलांच्या मेंदूची चित्रे तपासून दाखवले, की मेंदूच्या बाह्य आवरणाची जाडी इतर मुलांत साधारण साडेसातव्या वर्षी कमाल होते, तर या मुलांत साडेदहाव्या वर्षी. सर्वांत जास्त उशीर याच लगामाच्या भागात. शिवाय डोपामीन आणि नॉरअॅड्रिनालीन या रसायनांचा कारभार तिथे जरा निराळा चालतो. विकार बराचसा आनुवंशिक आहे, म्हणूनच ‘याचे पप्पा पण असेच’ हे सूनबाईंचे वाक्य मला शाळेच्या शेऱ्यापेक्षा अधिक उपयोगी पडले.

दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर करंजी घाट उतरताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच कळेल. इंजिन उत्तम आहे, माल भरपूर आहे, ब्रेक मात्र उशिरा लागतो.

‘मग मोबाईलवर तीन-तीन तास कसा बसतो?’ हा प्रश्न प्रत्येक आई विचारते, आणि प्रश्न रास्त आहे. या मंडळींकडे लक्ष नसते असे नाही. ते स्वतःच्या हुकमाने वळवता येत नाही. जिथे क्षणाक्षणाला काही नवे घडते, लगेच फळ मिळते किंवा वेळ टळून चालली आहे, तिथे लक्ष आपोआप चिकटते. लिलाव तसा असतो. हिशोबपट्टी तशी नसते. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटते, मनात आणले तर करतो की! आणि येथूनच ‘आळशी’ हा शिक्का बसतो. त्याने मनात आणलेले असते, अनेकदा.

पण वाचकहो, माझा आजचा मुद्दा लक्षापेक्षा भावनांचा आहे. शब्दाला आणि हाताला लगाम घालणारा मेंदूचा जो भाग, तोच भावनांनाही आवरतो. मग राग, उत्साह, निराशा जे येईल ते एकदम काठोकाठ येते. सूनबाई त्याच्या रागाला वळवाचा पाऊस म्हणतात. आभाळ दिसायच्या आत कोसळतो आणि अर्ध्या तासात लख्ख ऊन. अडचण अशी, की त्याचे ऊन पडते तेव्हा घरातल्या बाकीच्यांचे कपडे अजून ओलेच असतात. तो विसरून जेवायला बसतो, बाकीच्यांच्या घशाखाली घास उतरत नाही.

दुसरी बाजू कमी दिसते. कुणी जरासे हसले, मित्राने फोन उचलला नाही, वडिलांनी नुसते ‘हं’ म्हटले, तरी या माणसाला ते आरपार लागते. पंचवीस वर्षे बोलणी खाल्लेल्या माणसाला पुढचे बोलणे कानावर पडण्याआधीच ऐकू येते. काहीजण मग समोरच्याला गप्प करण्यासाठी आधी ओरडतात. काहीजण कामच टाळतात, कारण केले नाही तर चुकणारही नाही. काहीजण सगळ्यांना हो म्हणत सुटतात आणि निम्मे शब्द पाळू शकत नाहीत. माझ्या रुग्णाने हे तिन्ही केले होते. त्याच्या जोडीला तंबाखू. या विकारात तंबाखू-सिगारेटचे प्रमाण इतरांहून जास्त आढळते. निकोटिनने घटकाभर डोके एका जागी आल्यासारखे वाटते, असे तोही सांगत होता. चिंता आणि नैराश्य तर पाठोपाठ येतातच. माझ्याकडे ‘झोप लागत नाही, छातीत धडधडते’ म्हणून येणाऱ्या किती तरुणांच्या मुळाशी हे असेल, याचा विचार मी आता करू लागलो आहे.

अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठाचे पॉल वेंडर यांनी मोठ्या माणसांतल्या या विकाराची लक्षणे मांडली, तेव्हा तापटपणा आणि मनाचे झटपट पालटणे यांना त्यांत जागा दिली होती. आजच्या अधिकृत निकषांत ही मुख्य लक्षणे म्हणून धरलेली नाहीत. संसार मोडकळीस येतात ते मात्र बहुधा याच कारणाने, चाव्या हरवल्यामुळे नव्हे.

आता सावधगिरीची गोष्ट. प्रत्येक खोडकर मूल किंवा तापट माणूस या विकाराचा नसतो. लक्षणे बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली हवीत, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत, आणि त्यांमुळे आयुष्यात खरोखर अडायला हवे. तिशीत अचानक विसरायला लागले तर कारण दुसरे शोधावे. राग किंवा अतिउत्साह दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे टिकत असेल तर तो निराळा आजार असू शकतो. यासाठी रक्ताची तपासणी किंवा स्कॅन नाही, तेव्हा ‘मेंदूचा फोटो काढून द्या’ असा आग्रह धरू नये. मी मुलांचे कान, डोळे, हिमोग्लोबिन आणि गरजेप्रमाणे थायरॉइड आधी पाहतो. टॉन्सिलमागच्या गाठींमुळे रात्रभर घोरणारे मूल दिवसा वर्गात चंचल होते. काही सेकंद शून्यात पाहत राहणारे मूल फिटचाही रुग्ण असू शकते.

मुलींच्या बाबतीत चूक उलटी होते. त्या वर्ग डोक्यावर घेत नाहीत, खिडकीबाहेर पाहत बसतात. बाईंचा शेरा येत नाही. पुढे ‘हिच्या हातून दूध नेहमी उतू जातं’ एवढ्यावर सासरी आयुष्य निघते.

उपचार आहेत आणि ते चांगले आहेत. मिथाइलफेनिडेट हे औषध १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये तयार झाले, म्हणजे नवखे नाही. ते त्याच दिवशी परिणाम दाखवते. अॅटोमॉक्सेटिनला काही आठवडे लागतात. भूक कमी होणे, झोप उडणे, नाडी आणि रक्तदाब वाढणे हे त्रास होऊ शकतात, म्हणून वजन आणि बीपीवर नजर ठेवावी लागते. मिथाइलफेनिडेट कायद्याने नियंत्रित आहे. ते मनोविकारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावे, शेजाऱ्याच्या मुलाची गोळी आपल्या मुलाला देऊ नये. सहा वर्षांखालच्या मुलांत आधी पालकांचे मार्गदर्शन, औषध नंतर. स्वीडनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, हा विकार असलेल्या पुरुषांत औषध चालू असलेल्या काळात वाहनांचे गंभीर अपघात कमी आढळले. आपल्या नगर-पुणे रस्त्यावर मोटारसायकली ज्या वेगाने जातात तो पाहता हे मला फार महत्त्वाचे वाटते.

जिल्ह्यात लोणी आणि विळद घाट येथील वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहेत. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करावी. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. शाळेच्या बाबतीत एक अडचण सांगून ठेवतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता आहे, हा विकार स्वतंत्रपणे नाही. मात्र दोन्ही पुष्कळदा एकाच मुलात असतात, म्हणून अक्षरे गाळणाऱ्या, वाचताना अडखळणाऱ्या मुलाची त्याही दृष्टीने तपासणी करून घ्यावी. परीक्षेत सवलत त्यावर मिळू शकते.

आमच्या रुग्णाने गोळी सुरू केली त्याला आता काही महिने झाले. गोळीने निम्मे काम केले, उरलेले व्यवस्थेने. पट्ट्या दुपारी एकगठ्ठा लिहिण्याऐवजी प्रत्येक वक्कलाबरोबर तिथेच लिहायच्या असे ठरले, शेजारी एक मुनीम बसवला. चाव्यांना दाराशी एकच खिळा. रोज सकाळी मैदानाला चार फेऱ्या. राग अजून येतो. नवरा-बायकोने एक खूण ठरवली आहे. तिने पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवला की याने उठून गोठ्याकडे जायचे आणि अर्धा तास कुणी काही बोलायचे नाही. दोनदा तो गेलाही नाही, आणि भांडण झाले. वडिलांना मी दोनदा बोलावले. ते आले नाहीत, निरोप पाठवला की ‘आमच्या वेळी असले आजार नव्हते.’

नातवाला बाईंनी पहिल्या बाकावर आणले आहे. वह्या वाटणे आणि फळा पुसणे ही दोन्ही कामे त्याच्याकडे दिली, म्हणजे उठायला कारण मिळते. कल्पना त्यांची स्वतःची, मी सुचवलेली नव्हे.

आजी परवा बीपी दाखवायला आल्या होत्या. त्या जुन्या बाटलीबद्दल मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “जाऊ द्या हो डॉक्टर. गोड होतं म्हणून त्यानं दोन दिवसांत संपवलं होतं.”