कृष्णाकाठच्या लेखणीतला इंग्रज

मराठी साहित्याने इंग्रज कसा पाहिला, याचा शोध घ्यायचा तर सातारा-सांगलीच्या मुलखाइतकी भरीव सामग्री क्वचितच मिळेल. साताऱ्याच्या गादीवर इंग्रजांनी छत्रपती बसवले, त्यांनीच ते पदच्युत केले आणि शेवटी राज्यही खालसा केले. शेजारचे पटवर्धनांचे सांगली संस्थान मात्र त्यांच्याच छत्राखाली १९४८पर्यंत टिकले. वाळवा, शिराळा, तासगाव हे आजचे सांगलीचे तालुके तेव्हा साताऱ्यातच होते. मैत्री, करार, विश्वासघात, कायदा, शाळा आणि फाशी ही साहेबाची सगळी रूपे या एकाच खोऱ्याने अनुभवली, आणि इथल्या लेखकांनी ती लिहूनही ठेवली.

आरंभ थोडा मागून करावा लागतो. रामचंद्रपंत अमात्य हे राजाराम महाराजांच्या पडत्या काळात स्वराज्य सावरणारे मुत्सद्दी. त्यांचे ‘आज्ञापत्र’ १७१५च्या सुमाराचे. त्यात सावकारांविषयीच्या प्रकरणात इंग्रज, फिरंगी (पोर्तुगीज), वलंदेज (डच) अशा सर्व टोपीकरांचा वेगळा विचार केला आहे. पंतांचे निरीक्षण असे की, हे इतर सावकारांसारखे नव्हेत. यांच्यामागे यांचे राजे उभे आहेत, त्या राजांना भूमीचा लोभ आहे, आणि ही जात हट्टी असल्याने हाती आलेले ठिकाण मेली तरी सोडत नाही. म्हणून त्यांना समुद्रकिनारी वा खाडीच्या तोंडाशी जागा देऊ नये, मजबूत इमारत बांधू देऊ नये. त्यांचा व्यवहार येण्याजाण्यापुरताच ठेवावा. या लिखाणात राग नाही आणि भारावलेपणही नाही. समोरच्या व्यापाऱ्याचा चेहरा पाहताना पंतांची नजर त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या सत्तेवर आहे. माझ्या मते मराठीतले इंग्रजाचे सर्वांत अचूक चित्र हेच. पुढच्या दोनशे वर्षांत ही नजर हरवली आणि मोठी किंमत मोजून परत मिळवावी लागली.

१८१८ साली इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर पुन्हा बसवले आणि कंपनीचा प्रतिनिधी म्हणून जेम्स ग्रँट डफ त्यांच्या शेजारी बसला. त्याने महाराजांच्या दप्तरातली कागदपत्रे तपासली आणि १८२६ साली तीन खंडांत मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. डेव्हिड केपनने केलेला त्याचा मराठी अनुवाद ‘मराठ्यांची बखर’ म्हणून शाळांतून शिकवला गेला. आपल्या आजोबा-पणजोबांचा पराक्रम साहेबाच्या शब्दांत वाचत एक पिढी वाढली. पुढे १८६७-६८च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने त्या ग्रंथावर सविस्तर टीका लिहिली. साहेब आपल्याला कसा पाहतो, याची झडती घ्यायला मराठी लेखणी तिथून शिकली.

त्याआधी साताऱ्याने फार मोठा धडा घेतला होता. १८३९ साली महाराजांवर फितुरीचे आरोप ठेवले गेले. दोष कबूल करा, राज्य राहील, असा मार्ग पुढे केला गेला. महाराजांनी तो नाकारला आणि त्यांना काशीला नेण्यात आले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८४० ते १८५३ अशी वर्षे तिथे झगडले. त्यांनी निवेदने छापली, कंपनीच्या भागधारकांच्या सभेत दाद मागितली. साताऱ्याचे माजी रेसिडेंट जॉन ब्रिग्ज आणि पार्लमेंटातले जोसेफ ह्यूम यांच्यासारखी वजनदार माणसे त्यांच्या पाठीशी उभी राहिली. तरी निकाल तसूभरही हलला नाही. १८४७ साली महाराज काशीत वारले आणि १८४८ साली डलहौसीच्या कारकिर्दीत राज्य खालसा झाले. रंगो बापूजींचे मित्र ह्यूम स्कॉटलंडचे आणि डलहौसीही स्कॉटलंडचाच. एकाच मातीतल्या दोघांपैकी एक न्यायासाठी भांडला, दुसऱ्याने राज्य गिळले. एखाद्या जातीच्या स्वभावावरून तिच्या सत्तेचे वर्तन ओळखता येत नाही, याचा याहून ठसठशीत पुरावा कोणता?

१८५७च्या सप्टेंबरात इंग्रजांविरुद्धच्या कटासाठी साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना मृत्युदंड झाला. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीतारामही होता. स्वतः रंगो बापूजी बेपत्ता झाले ते कायमचे. ज्या माणसाने इंग्रजांच्या न्यायबुद्धीवर आयुष्याची उमेदीची वर्षे लावली, त्याच्या घरावर ही वेळ आली.

राज्य खालसा झाले त्याच वर्षी ‘प्रभाकर’ पत्रात लोकहितवादींची पत्रे सुरू झाली. त्यांतला इंग्रज उद्योगी, वाचणारा, सभा भरवणारा आहे. हे चित्र आपल्या आळसाला लाज वाटावी म्हणून रंगवलेले होते आणि ते काम त्याने चोख केले. साताऱ्यातल्या कटगुणाशी ज्यांच्या घराण्याची मुळे जोडलेली आहेत, त्या जोतीराव फुल्यांचा साहेब मात्र अगदी वेगळा. इंग्रजी अमलामुळे शूद्रातिशूद्रांना विद्येची दारे उघडली, हे ते मोकळेपणाने मान्य करतात. पण १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गोरा अधिकारी ऐषआरामात दंग आहे, कारभार भटकामगारांवर सोपवून मोकळा झाला आहे आणि शेतसारा तेवढा चुकत नाही. उपकार मान्य करूनही हिशेब मागणारी ही दृष्टी अमात्यांच्या जवळची आहे.

त्याच सुमारास इथल्या लेखकांनी इंग्रजी ग्रंथांशी वेगळेच नाते जोडले. कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या आगरकरांनी ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ लिहिले. सांगलीलगतच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ रचले. शेक्सपिअर घ्यायचा, पण गव्हर्नरला जाब विचारायचा, हा विवेक त्या पिढीने कमावला.

त्याचे फळ सांगलीच्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त दिसले. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात इंग्रजाचा उल्लेखही नाही. पण मदांध कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे भारत, सबुरी सांगणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाला कळत होते. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. खाडिलकरांनी साहेबाच्या बोलण्याचालण्याची नक्कल केली नाही. बेलगाम सत्ता हाती आलेला माणूस कसा वागतो, ते त्यांनी महाभारतातून दाखवले. म्हणूनच ते चित्र सरकारला झोंबले.

वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी १९५९ साली ‘फकिरा’ लिहिली, तेव्हा इंग्रज जाऊन बारा वर्षे झाली होती. वारणेच्या खोऱ्यातल्या मांगांना या कादंबरीत साहेब भेटतो तो हजेरीच्या जाचातून. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या माणसांना सरकारदरबारी रोज हजर व्हावे लागते. अमात्यांनी राजवाड्याच्या बाजूने पाहिलेली सत्ता अण्णा भाऊंनी गावकुसाबाहेरून पाहिली.

हे सगळे सलग वाचले की, ‘इंग्रज शिस्तीचा’ किंवा ‘इंग्रज कपटी’ अशी आपल्या तोंडी बसलेली दोन्ही वाक्ये अपुरी ठरतात. माणसे भली निघाली, तरी त्यांच्यामागची सत्ता कोणाला उत्तर देते, हा खरा प्रश्न आहे. ‘आज्ञापत्र’, ‘असूड’, ‘कीचकवध’ आणि ‘फकिरा’ सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांत एकत्र शिकवले पाहिजेत. हा प्रश्न इंग्रजांबरोबर संपलेला नाही, आणि तो विचारण्याची रीत आपल्या लेखकांनी आधीच घालून दिली आहे.