ईपीएबीएक्स ‘लायसन्स नाही’ म्हणते तेव्हा

तारापूर एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांत गेटपासून लॅबपर्यंतचे फोन ईपीएबीएक्सवर चालतात. बाहेरच्या मोजक्या लाइनी आतल्या अनेक एक्स्टेंशनना वाटून देणारं हे यंत्र. दांडी, नवापूर, बोईसरहून कामाला येणाऱ्यांच्या टेबलावरचा फोन त्याचाच असतो, पण यंत्राची आठवण ते अडलं की होते.

हल्लीच्या यंत्रांत पुष्कळ सोयी आधीपासूनच असतात, पण पैसे भरलेल्या तेवढ्याच उघडतात. त्या उघडणारा सांकेतिक क्रमांक किंवा छोटी फाइल म्हणजे लायसन्स की.

पहिली खात्री ही करा की बिघाड लायसन्सचाच आहे. सगळेच फोन एकदम मुके झाले असतील तर आधी वीज, यूपीएस आणि बाहेरची लाइन तपासा. लायसन्सची अडचण सहसा निवडक असते. जुने फोन वाजतात, पण नवा आयपी फोन, म्हणजे नेटवर्कच्या केबलवर चालणारा फोन, नोंदच होत नाही. किंवा दोन कॉल चालू असताना तिसरा बाहेर जात नाही.

रसायनांच्या कारखान्यात दुरुस्तीआधी सिक्युरिटी केबिनमध्ये आणीबाणीसाठी ईपीएबीएक्सला न जोडलेला एक थेट फोन चालू आहे ना, ते बघून घ्या. नसेल तर मोबाइल ठेवा. बाकीचं थांबू शकतं.

आता स्क्रीनवरच्या संदेशाचा फोटो काढा. घाईने यंत्र ‘डिफॉल्ट’, म्हणजे मूळच्या कोऱ्या स्थितीत, करू नका. त्याने एक्स्टेंशनचं सगळं प्रोग्रॅमिंग पुसलं जाऊ शकतं आणि लायसन्सचा प्रश्न तसाच राहतो.

मग यंत्राच्या व्यवस्थापनाच्या पानावर लायसन्सची यादी उघडा. प्रत्येक सोयीसमोर एकूण किती, वापरात किती आणि मुदत कधीपर्यंत, हे दिसतं. बरेचदा की बिघडलेली नसते, संख्या संपलेली असते. एसआयपी ट्रंक, म्हणजे इंटरनेटवरून येणारी बाहेरची लाइन, बहुधा एका वेळी चालणाऱ्या कॉलवर मोजली जाते. आयपी फोन मात्र नगावर. दहा फोन घेतले म्हणून दहा जण एकाच वेळी बाहेर बोलू शकतील, असं नाही.

यादी बरोबर असूनही ‘मुदत संपली’ दिसत असेल तर यंत्रातली तारीख पाहा. बोर्डावरचा बटणासारखा सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, आणि मुदतीचं लायसन्स बिथरतं. सेल किरकोळ किमतीचा असतो, म्हणूनच तो कुणाला सुचत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो यंत्राच्या ओळखीत. की कोऱ्या कागदावर मिळत नाही, ती एका विशिष्ट यंत्राच्या क्रमांकावर काढलेली असते. दांडीच्या किनाऱ्यावरच्या बोटीचा मासेमारी परवाना त्या बोटीच्या नावावर असतो. मालक तोच असला तरी दुसऱ्या बोटीला तो चालत नाही, तसंच हे. पॅनासॉनिकच्या केएक्स-एनएस मालिकेत ही ओळख मुख्य बोर्डाच्या एमपीआर आयडीत असते, तर अव्हायाच्या आयपी ऑफिस ५०० व्ही२ मध्ये एसडी कार्डाच्या क्रमांकात. पावसाळ्यात वीज कडाडून बोर्ड जळला आणि मेंटेनन्सवाल्याने दुसरा बसवला, तर यंत्र चालू होतं, पण जुनी की ते नाकारू शकतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात आणलेल्या सेकंडहँड बोर्डाचंही तेच.

कॉम्प्युटर सर्व्हरवर चालणाऱ्या प्रणालीत ओळख त्याहून नाजूक. अव्हायाची सर्व्हर आवृत्ती व्हर्च्युअल मशीनवर चालत असेल तर आयपी पत्ता, सर्व्हरचं नाव, इतकंच काय टाइम झोन बदलला तरी ओळख बदलते. आयटीवाल्याने नेटवर्क नीट लावलं आणि फोन महिन्याभराने बंद पडले, तर दोन्हींचा संबंध कुणी जोडत नाही. मधले दिवस म्हणजे ओळख बदलल्यावरही यंत्र चालू देतं ती सवलतीची मुदत. त्या दिवसांतला इशारा ऑपरेटरने वाचला असता तर बरं झालं असतं, पण तो ऑपरेटरला दिसेल अशा ठिकाणी नसतो, ही रचनेचीच चूक म्हणावी.

ओळख जुळत असेल तर की भरण्यातली चूक शोधा. शून्य आणि इंग्रजी ‘ओ’, एक आणि ‘आय’ यांची गल्लत होते. कॉपी करताना शेवटी रिकामी जागा चिकटते. फाइल असेल तर ती उघडून पुन्हा सेव्ह करू नका. एक अक्षर हललं तरी यंत्र ती नाकारू शकतं. मूळ ईमेलमधली फाइल जशीच्या तशी चढवा.

काही प्रणाली ठरावीक दिवसांनी इंटरनेटवरून उत्पादक कंपनीच्या सर्व्हरला लायसन्सबद्दल विचारून घेतात. नवा फायरवॉल बसवल्यावरच अडचण सुरू झाली असेल, तर तिथली वाट अडली आहे का ते विचारा. सॉफ्टवेअर अपग्रेडनंतर सुरू झाली असेल, तर नव्या आवृत्तीचा हक्क आपल्या लायसन्समध्ये आहे का, हे पाहा. अपग्रेड फुकट उतरवता आलं म्हणजे हक्क मिळाला, असं नसतं.

एवढ्यावर भागलं नाही तर विक्रेत्याला फोन करा. हाताशी चार गोष्टी ठेवा: यंत्राची ओळख, सॉफ्टवेअरची आवृत्ती, खरेदीचं बिल आणि संदेशाचा फोटो. बोर्ड बदलला असेल तर जुन्याचा क्रमांकही लागतो, म्हणून जळका बोर्ड भंगारात देण्याआधी त्यावरचं लेबल उतरवून घ्या. लायसन्स कुणाच्या नावावर नोंदवलंय, हेही विचारा. ते विक्रेत्याच्या नावावर असेल आणि त्याने धंदा गुंडाळला, तर उत्पादक कंपनीकडून हस्तांतर करून घ्यायला बिलाशिवाय दुसरा आधार उरत नाही. एएमसी, म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, पुढच्या वेळी करताना नोंद आपल्या कारखान्याच्या नावावर आणि आपल्याच ईमेलवर करून मागा.