पाचव्या महिन्याची सोनोग्राफी चुकवू नका



कल्याण, मुरबाड, शहापूरकडे आवणी सुरू झाली की घरची गर्भवती सूनही चिखलात उतरते. दवाखान्याची तारीख 'आवणी आटोपल्यावर बघू' म्हणून मागे पडते. ती तारीख पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीची असेल, तर मात्र पुढे ढकलू नये.

पोटातले बाळ भोवतालचे गर्भजल गिळत असते. ते आतड्यात शोषले जाते आणि बाळाच्या लघवीवाटे पुन्हा बाहेर येते. पाटात माती ढासळली की मागे पाणी तुंबते. तसेच थोड्या बाळांत जठरालगतचे आतडे जन्मतःच बंद असते. सोनोग्राफीत पाणी काळे दिसते, म्हणून तुंबलेल्या जागी दोन काळी वर्तुळे दिसतात. एक जठराचे, दुसरे फुगलेल्या आतड्याचे. गर्भजल साचून आईचे पोटही दिवसांच्या मानाने मोठे होते.

दुसऱ्या एका दोषात बेंबीजवळ पोटाची भिंत नीट मिटत नाही आणि आतडी बाहेर राहतात. हा दोष १८ ते २० आठवड्यांच्या तपासणीत बहुधा दिसतो. आतड्यातला अडथळा मात्र पुष्कळदा सहाव्या महिन्यानंतरच कळतो. म्हणून पाचव्या महिन्यात सर्व ठीक निघाले, तरी पुढे पोट फार वाढल्यास पुन्हा दाखवावे.

दोष निघाला तर सुनेला बोल लावू नका. ग्रहणात भाजी चिरल्याने असे होत नाही. जठरालगतचा अडथळा असलेल्या सुमारे तीनांतल्या एका बाळाला डाऊन सिंड्रोम असतो, म्हणून डॉक्टर आणखी तपासण्या सांगतात. एरवी शस्त्रक्रियेनंतर बहुतेक बाळे दूध पिऊ लागतात आणि वाढतात.

आधी कळण्याचा मोठा फायदा म्हणजे बाळंतपण कुठे करायचे ते ठरवता येते. मुंबईत परळला वाडिया प्रसूतिगृह (१९२६) आणि वाडिया बालरुग्णालय (१९२९) शेजारी-शेजारी आहेत. कल्याणहून तिथे लोकलने जाता येते. जन्मलेले आजारी बाळ घेऊन रात्री गाडी शोधत फिरण्यापेक्षा, ते आईच्या पोटातूनच तिथे गेलेले बरे.

आधी कळले नाही, आणि बाळाला हिरवी उलटी झाली, पोट फुगले किंवा २४ तासांत शी झाली नाही, तर गुटी, मध देऊ नका. बाळाला उबदार गुंडाळून ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या. हिरवी उलटी असेल तर डॉक्टरांनी पाहीपर्यंत तोंडाने काहीच देऊ नका.

सोनोग्राफी मुलगा की मुलगी हे पाहण्यासाठी नाही. त्याविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली आणि संसदेने १९९४ साली कायदा केला. विचारणे आणि सांगणे दोन्ही गुन्हा आहे.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. त्या दिवशी सुनेच्या वाट्याची आवणी सावडीने उरकून घ्या आणि तिच्यासोबत घरातले एक माणूस जरूर पाठवा.